पोलादपुरातलं जर्मन वरण

"यंदा अंदाजपंचे कारभार बंद!" अंगणात लॅपटॉप उघडत ऋत्विकने जाहीर केलं. "अपेक्षाच्या साखरपुड्याचं जेवण माझं अ‍ॅप ठरवणार!"

ऋत्विक पुण्यात बसून एका जर्मन कंपनीचं काम करायचा. लॅपटॉप तिकडचा, त्यातलं सेटिंगही तिकडचंच. स्वतः जर्मनीला कधी गेला नव्हता, पण जर्मन अचूकतेवर बोलायला लागला की पोलादपूरजवळच्या त्याच्या वाडीतली कुत्रीसुद्धा उठून जायची.

बहीण अपेक्षाला मागणी आली होती महाडची. मुलाची आजी प्रयागबाई पंगतीवरून घराणं जोखायची. जेवण पसंत पडलं तरच अंगठी, नाहीतर राम राम! वडील मालोजींची चार दिवस झोप उडाली होती.

दर कार्याला चूल सांभाळणाऱ्या कोंडाजीकाकांकडून ऋत्विकने प्रमाण विचारून घेतलं. डाळ दहा किलो, तांदूळ पंचवीस. मीठ आठशे ग्रॅम, तिखट अर्धा किलो, हिंग शंभर ग्रॅम. ऐटीत टाइप केलं, किलोमध्ये: शून्य पॉइंट आठ, शून्य पॉइंट पाच, शून्य पॉइंट एक. ऑर्डर अ‍ॅपमधून थेट महाडच्या दुकानात!

"काका, आता तुम्ही आराम करा. मी आणि सुनील बघतो."

"मंग मला बलावलंस कशाला रे?" काका फणकारले आणि घरी निघून गेले.

मालाच्या टेम्पोच्या आधी दुकानदाराचा फोन आला. "साहेब, एक किलो हिंग? महाडची निम्मी बाजारपेठ पालथी घातली!"

"अ‍ॅप चुकत नाही," ऋत्विक म्हणाला.

माल उतरला तशी त्याची आई रखमा कपाळाला हात लावून उभी. "आठ किलो मीठ? अरे, समुद्र करायचाय का वरण?"

"डाळ बरोबर हाय ना आई? तांदूळ बरोबर हाय ना? मग मीठ कसं चुकेल?"

 शिकलेला लेक बिनचूक बोलतोय म्हटल्यावर बिचारी पाहुण्यांच्या चहाला लागली.

चाखून बघायचीही सोय नव्हती. गावदेवीला नैवेद्य दाखवल्याशिवाय वाडीत कुणी जिभेला थेंब लावत नाही. काकांचं न चाखताही नुसत्या हाताच्या अंदाजावर भागायचं. ऋत्विकने आठ किलो मीठ काट्यावर तोलून ओतलं, ग्रॅमभर इकडेतिकडे नाही!

"दादा, वरण लाल झालंय रे!" पाच किलो तिखट ढवळताना धाकटा चुलतभाऊ सुनील शिंकत म्हणाला.

"रंग बघू नको. आकडा बघ!"

नैवेद्य गेला. देवी काही बोलली नाही. मग पंगत बसली.

प्रयागबाईंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले ते उघडेचनात. नवरा मुलगा यशराज सज्जन, त्याने घास गिळला आणि मग तांब्याच तोंडाला लावला. बाकीची पंगत उष्ट्या हातांनी हापशाकडे धावली!

मालोजी तांबे भरभरून पाहुण्यांपुढे धरत होते. ऋत्विक मात्र लॅपटॉपवर वाकलेला.

"सापडलं!" तो आनंदाने ओरडला. "आजी, मी पॉइंट आठ लिहिलं होतं! जर्मनीत अपूर्णांकाला स्वल्पविराम देतात, टिंब असतं हजार वेगळे दाखवायला. त्यामुळे अ‍ॅपने टिंब सोडून दिलं आणि नुसतं आठ वाचलं! डाळ-तांदळात टिंबच नव्हतं, म्हणून ते बरोबर आले!"

कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत.

प्रयागबाईंनी चूळ भरली, पदराने तोंड पुसलं. "मुलगी आम्हाला पसंत आहे. पण लग्न महाडला, जेवण आमचं. या घरचं कुणी चुलीकडे फिरकायचं नाही. कबूल?"

"कबूल, कबूल!" मालोजींच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटाचंही असेल.

अंगठ्या झाल्या. ऋत्विकला मात्र राहवेना. "पण आजी, अ‍ॅपचा काही दोष नाही हां! फक्त सेटिंग..."

सकाळपासून मान खाली घालून बसलेली अपेक्षा उठली. पानातला वरणभात कालवला, चांगला मुठीएवढा गोळा केला आणि भर मांडवात भावाच्या तोंडात कोंबला.

त्यानंतर ऋत्विक जे काही बोलला, ते कुठल्याच देशाच्या सेटिंगमध्ये वाचता आलं नसतं!