डोंगरीच्या पेटीला ताप येतो

"म्हणजे आपण ज्यांच्यावर काम करतो ते चार कॉम्प्युटर मुळात नाहीतच?" शशिकांत सरांनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं.

"आहेत सर, पण खोटे आहेत," पराग बोलून गेला आणि आपण घोळ वाढवला हे त्याच्या लक्षात आलं. "म्हणजे एकाच मोठ्या मशीनच्या पोटात चौघंही राहतात. व्हर्च्युअल. मशीन गेलं की चौघंही गेले."

भाईंदर पूर्वेला सरांचा स्टीलच्या डब्यांचा कारखाना होता. ऑर्डरी, पगार, डब्यांची डिझाइनं, सगळा संसार त्या मशीनच्या पोटात. पावसाळ्यात कारखान्यात पाणी घुसलं, मशीन थोडक्यात वाचलं आणि तेव्हापासून सरांची झोप उडाली. परागला त्यांनी तात्पुरतं घेतलं ते याच कामासाठी. त्याने एक बॅकअप सर्व्हर उभा केला. तो रोज जेवणाच्या सुट्टीत त्या चौघांच्या प्रती काढायचा. आता त्या प्रती कारखान्यापासून लांब कुठेतरी साठवायच्या होत्या. शनिवारी चाचणी. जमलं तर नोकरी पक्की, नाही तर परागने पुन्हा अर्ज घेऊन हिंडायचं.

"इंटरनेटवर भाड्याने जागा मिळते, सर."

"परक्याकडे? आपली डिझाइनं? नाय रे बाबा. आपलं सामान आपल्या माणसाकडे ठेवायचं. तुझ्या नात्यात उंचावर कोण राहतं?"

उंचावर राहणारी एकच. परागच्या बायकोची, संपदाची, आशामावशी. डोंगरी गावात टेकाडावर तिचं घर, आणि मुलगा दुबईला गेल्यामुळे घरात इंटरनेट. पराग डिस्कांनी भरलेली एक काळी पेटी पिशवीत घालून बसने डोंगरीला गेला आणि स्वयंपाकघराशेजारच्या फळीवर ठेवून आला. भाईंदरहून त्याने जोडणी केली, प्रती निघाल्या, पेटीत जाऊन पडल्या. पडद्यावर हिरवी खूण उमटली. परागने जेवणाचा डबा उघडला, पण ते सुख एका दिवसाचं होतं.

दुसऱ्या दिवशी अर्धी प्रत गेली आणि लाल खूण आली. 'साठवण सापडत नाही.' त्याने मावशीला फोन केला, "मावशी, पेटी चालू आहे का?"

"दिवा गेलाय तिचा."

"बटण दाबा आणि तिथेच थांबा. मी उद्या येतोय."

मावशीने बटण दाबलं, परागने तुटलेली जोडणी पुन्हा केली. दुसऱ्या दिवशी तो डोंगरीला गेला, तर पेटी गुणी बाळासारखी फळीवर बसलेली. त्याने समोर बसून पूर्ण प्रत जाताना पाहिली. मावशीने तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. तो परत आला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लाल.

मग परागला त्या पेटीने पछाडलं. वीज जाते म्हणावं तर मावशीची टीव्हीवरची मालिका सुरू असायची. वायर उंदराने कुरतडली म्हणावं तर पुढच्या खेपेला वायर शाबूत निघाली. तो गेला की पेटी ठणठणीत, पाठ वळली की आडवी. "तुझी आठवण काढत असेल ती," संपदा म्हणाली, पण परागला हसू आलं नाही. गुरुवारी त्याने पेटीची अंतर्गत नोंद उघडली आणि चाटच पडला. पेटी गरम होऊन स्वतःच बंद पडत होती. ऐन थंडीत, जेव्हा तो स्वतः स्वेटर घालून बसला होता!

शुक्रवारी तो फोन न करता निघाला. जेवणाच्या सुट्टीच्या वेळी डोंगरीच्या दारात उभा राहिला तर मावशी दचकलीच.

"अगंबाई, जावय! सांगून तरी यायचं!"

पराग थेट फळीपाशी गेला. पेटी दिसत नव्हती. तिथे जाडजूड गोधडी होती. गोधडीखाली स्टीलचा डबा, डब्यात दूध, आणि डब्याखाली आचके देणारी पेटी.

"मावशी, हे काय?"

"दही. थंडीत लागतच न्हाय हो. ही पेटी दुपारी कशी मस्त उबदार होते! वर ठेवला डबा, घातली गोधडी, की संध्याकाळी दही असं घट्ट, उलटं केलं तरी हलायचं न्हाय."

"आणि मी यायचो तेव्हा?"

"जावय येनार म्हनल्यावर पसारा ठेवायचा काय फळीवर? आवरून ठेवायची."

परागला राग यायला हवा होता, पण कोडं सुटल्याच्या आनंदात तो यायचाच राहिला. त्याने गोधडी काढली, पेटीच्या मागे गरम वारा बाहेर पडतो ती जागा दाखवली आणि डबा तिथे ठेवला. मावशीने हात लावून ऊब पाहिली आणि मान डोलावली. पेटी चालू करून, वाटीभर दही खाऊन पराग परतला.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीनंतर पडद्यावर हिरवीगार खूण होती. सर चार वाजता येणार होते. पराग भांग पाडत असतानाच फोन वाजला.

"जावय, दूध हाय तसंच हाय हो. पेटी गारढोण."

"मावशी, इथे सगळं हिरवं आहे."

"तिथं हिरवं असंल. इथं दही न्हाय."

परागने घाईघाईने तपासलं. काल दह्याच्या नादात तो जोडणी पुन्हा करायलाच विसरला होता. डोंगरी सापडली नाही तेव्हा बॅकअप सर्व्हरने निमूटपणे 'डोंगरी' नावाच्या इथल्याच फोल्डरमध्ये प्रती टाकल्या आणि वर हिरवी खूण दिली. सगळं सामान भाईंदरच्या भाईंदरमध्येच! त्याने जोडणी केली, प्रती पुन्हा पाठवल्या आणि देवाचं नाव घेत बसला. शेवटची प्रत पोचली तेव्हा सर जिन्यात होते.

सरांनी एका डब्याचं डिझाइन स्वतःच्या हाताने पुसलं. परागने ते डोंगरीहून परत आणलं. सरांनी पुन्हा पुसलं, पराग पुन्हा घेऊन आला. सर खूश झाले.

"पक्का झालास तू. पण काय रे, मघाशी तुझ्या शेजारच्या टेबलावरचा अमोल सांगत होता, हिरवी खूण असून तू चूक पकडलीस. कशी?"

परागला खोटं सुचेना. त्याने खरं सांगितलं. सरांनी खिशातून मोबाइल काढला.

"मावशींचा नंबर दे," ते म्हणाले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सरांचा फोन वाजतो. "लागलं?" सर विचारतात. "लागलं." "घट्ट?" "घट्ट!" मग सर शांतपणे घरी जातात. मावशीला त्यांनी कारखान्यातला सगळ्यात मोठा डबा भेट पाठवलाय, आणि पडद्यावरच्या खुणेकडे आता कोणी ढुंकूनही पाहत नाही. सरांनी परागलासुद्धा पाहू दिलं नाही. "मावशी आहेत ना!" म्हणाले.

होळी होऊन गेल्यावर एका दुपारी सर घाम पुसत परागच्या टेबलापाशी आले. "बघ पराग, थंडीत दोनदा तरी दही बिघडलं. आणि आता? एकदाही चुकलं नाही! पेटी मुरली बघ तुझी."

"हो सर," पराग म्हणाला. डोक्यावर पंखा गरगरत होता आणि सरांचा शर्ट पाठीला चिकटला होता. पराग पंख्याकडे बघत राहिला. अशा उकाड्यात दही लागायला पेटी कशाला हवी? मग त्याने हळूच पिशवी उचलली आणि मावशीला फोन न करता डोंगरीची बस पकडली.