कांद्याची पोती आणि कॅप्टनचं लँडिंग

मिसळीची प्लेट टेबलावर जरा जोरात टेकली की कॅप्टन देवरे वेटरला थांबवतात. "लँडिंग हार्ड झालं. रस्सा बघ कुठे गेलाय." वेटरला वाटतं म्हातारा चिडलाय. ते चिडत नाहीत, फक्त कळवतात.

कॅप्टन आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. मूळचे सटाण्याकडचे, आयुष्य प्रवासी विमानं उडवण्यात गेलं. रिक्षा थांबली की भाडं देता देता सांगणार, "ब्रेक डावीकडे ओढतोय. पुन्हा होतंय का बघ." पुन्हा हा त्यांचा लाडका शब्द.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. कॅप्टनना घाबरट म्हणून विमानातून काढून ऑफिसच्या टेबलावर बसवलं, ही बातमी मीच पसरवली आणि ती खोटी होती. खरं असं की एका विमानाचं पुढचं चाक उतरताना थरथरायचं. कॅप्टन ते कळवायचे. हँगरमध्ये तपासणी व्हायची आणि शेरा यायचा, 'दोष आढळला नाही'. पुन्हा थरथर, पुन्हा तोच शेरा. शेवटी त्यांनी ते विमान न्यायला नकार दिला. चाकाचा झिजलेला भाग नंतर सापडला, पण तोवर कॅप्टन टेबलावर गेले होते. त्यांनी मला सगळं सांगितलं होतं. पण घाबरट कॅप्टनची गोष्ट जास्त रंगायची.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी लिफ्टचा पिच्छा धरला. "सेक्रेटरी, संध्याकाळी लिफ्ट भरून खाली येते ना, टेकताना धक्का बसतो."

मेकॅनिकने रिकामी लिफ्ट वर-खाली केली. "ओके आहे, काका."

कॅप्टननी पुन्हा कळवलं. मी व्यायाम म्हणून जिनाच वापरतो, मला कुठला धक्का! "कॅप्टन, विमान विसरा आता," मी म्हणालो. पार्किंगमधल्या बाकावरचे सगळे हसले. माझी बायको सुमती तिथे नव्हती. खुब्याच्या ऑपरेशननंतर ती खाली यायचीच बंद झाली होती. वय झालं, असं मी धरून चाललो होतो.

"रिकामं तपासलं तर सगळंच निरोगी असतं," कॅप्टन म्हणाले आणि लिफ्ट भरण्यासाठी बायकांना वजनं विचारत फिरले.

जोशीवहिनी कडाडल्या, "विमानात असं विचारता का हो?"

"नाही वहिनी, तिथे फक्त सामानाचं विचारतो."

त्यानंतर कोणीच तयार होईना. मग सटाण्याहून भावाच्या पिकअपमधून कांद्याची पोती आली. लिफ्टमध्ये पोती, पोत्यांना टेकून मेकॅनिक आणि कॅप्टन. तळमजल्यावर असा दणका बसला की दार उघडताच आधी कांदे घरंगळत बाहेर आले, मागून मेकॅनिक.

"धक्का शे ना?" आनंदाच्या भरात कॅप्टन अहिराणीत गेले होते.

दुरुस्ती झाली. त्या संध्याकाळी ते लिफ्टच्या दारापाशी उभे होते. दार उघडलं. बायकांच्या घोळक्यातून काठी टेकत सुमती बाहेर आली.

"लँडिंग?" त्यांनी विचारलं.

"कधी टेकलं कळलंच नाही, भाऊजी."

कॅप्टन खाली वाकले. कोपऱ्यात राहिलेला एक कांदा उचलला आणि बराच वेळ पुसत राहिले.

घरी आल्यावर मी म्हणालो, "धक्का बसतो हे मला सांगायचंस ना."

"तुम्ही हसत होतात," सुमती म्हणाली. "खाली का येत नाही, हे त्यांनी घरी येऊन विचारलं."

आता संध्याकाळी मीही तिच्याबरोबर लिफ्टने उतरतो. कॅप्टन खाली उभेच असतात. बाकावरची तिची जागा पुसून ठेवलेली असते.

"लँडिंग?"

"दोष आढळला नाही," मी सांगतो.

"तुम्हाला कोण विचारतंय, सेक्रेटरी?" ते म्हणतात आणि सुमतीच्या उत्तराची वाट बघत थांबतात.