औटी किराण्यास जाहीर पाठिंबा

सॅम्युएल हिवाळे सरांच्या टेबलावर, जाड शब्दकोशाखाली, जानेवारीपासून एक पत्र पडून होतं आणि त्याचं उत्तर सरांनी दिलेलं नव्हतं. सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेल्या, पुस्तक एक दिवस उशिरा आलं तरी विद्यार्थ्याला कार्ड धाडणाऱ्या माणसाला हे शोभत नव्हतं. सरांना हे रोज चहाच्या वेळी जाणवायचं. जाणवून झालं की ते कप विसळायला आत जात.

पत्र वहीच्या पानावर लिहिलेलं होतं. सावेडीतल्या सुविचार कॉलनीच्या तोंडाशी किराणा दुकान चालवणाऱ्या गोरक्ष औटीने तसंच पत्र चौसष्ट घरांत स्वतः फिरून टाकलं होतं.

‘सरांना नमस्कार. नागापूरला कंपनीच्या गेटासमोर चहा-नाश्त्याचा गाळा मिळतोय. मालक मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत थांबतो म्हणतो, मग दुसऱ्याला देणार. महिन्याची यादी माझ्याकडून भरणारी तीस घरं असली तर इथलं दुकान चालतं. तुम्ही भरणार का नाही, एवढंच कळवा. नाही म्हणालात तरी राग नाही. पण खरं कळवा, कारण गाळा सोडला आणि इथंही कुणी आलं नाही तर मी कुठलाच राहणार नाही. आपला, गोरक्ष.’

प्रश्न एका शब्दाचा होता आणि उत्तर सरांना ठाऊक होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना आटोपली की सर आणि स्टेलाबाई चर्चमधून परस्पर मनमाड रस्त्यावरच्या ‘बचत दरबार’मध्ये जात आणि महिन्याचं सगळं सामान घेऊन येत. तिथे थंडगार हवा होती, ढकलायला गाडी होती आणि प्रत्येक वस्तूवर छापील किमतीपेक्षा कमी किंमत होती. बाहेर पडताना, न लागणाऱ्या वस्तूंवर आपण किती वाचवलं याचा आकडा बिलाखाली ठळक अक्षरांत मिळत असे.

“अहो, ‘नाही’ लिहा आणि मोकळे व्हा,” स्टेलाबाई म्हणाल्या.

“असं एकदम नाही कसं लिहायचं? माणसाला लागतं ते.”

“त्यांनीच लिहिलंय ना, राग नाही म्हणून?”

“तसं लिहितात गं. तसं लिहायची पद्धत असते.”

“मग ‘हो’ लिहा आणि रविवारपासून यादी तिकडे टाका.”

यावर सरांनी शब्दकोश उघडला आणि काहीतरी महत्त्वाचं शोधायला लागले.

गोरक्षच्या दुकानावाचून कॉलनीचं पान हलत नव्हतं, ही गोष्ट मात्र खरी. बाहेर जाताना घराची किल्ली त्याच्याकडे ठेवायची. घरात कुणी नसलं की कुरिअरवाल्याने पार्सल त्याच्याकडे टाकायचं. पाचशेचे सुट्टे त्याने द्यायचे, नळाला पाणी कधी येणार ते त्याने सांगायचं, आणि भाजी फोडणीला टाकल्यावर मोहरी संपली तर पाच रुपयांची पुडी त्यानेच बांधायची. शिवाय लग्नकार्यात उरलेला न फोडलेला माल तो परत घेत असे. साखरेची पोती, तेलाचे डबे, नारळ, काहीही. ही त्याच्या वडिलांची रीत होती. कॉलनीने ती रीत जिवापाड सांभाळली होती. फक्त माल आधी त्याच्याकडून घ्यायचा, हा तिचा पूर्वार्ध तेवढा काळाच्या ओघात गळाला होता.

फेब्रुवारीत कॉलनीची सभा भरली. अध्यक्ष बिभीषणराव मुरूमकर सरकारी खात्यातून निवृत्त झालेले होते आणि कुठल्याही प्रश्नाचं उत्तर परस्पर देणं हा ते गुन्हा मानत.

“विषय गंभीर आहे,” मुरूमकर म्हणाले. “घाईघाईने होय म्हणणं म्हणजे बांधून घेणं. नाही म्हणणं म्हणजे माणुसकीला सोडून.”

“मग करायचं काय?” कुणीतरी विचारलं.

“समिती.”

सभेने सुटकेचा श्वास टाकला. ‘किराणा खरेदी तुलनात्मक अभ्यास समिती’ स्थापन झाली. अध्यक्ष मुरूमकर, महिला प्रतिनिधी रोहिणीताई आणि लेखनिक म्हणून हिवाळे सर, कारण त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि त्यांना नाही म्हणता येत नव्हतं. वैयक्तिक उत्तरं देऊन समितीच्या कामात कुणी अडथळा आणू नये, असं आवाहनही करण्यात आलं. चौसष्ट घरांनी ते तंतोतंत पाळलं. कॉलनीत इतकी शिस्त यापूर्वी गणपतीच्या मिरवणुकीतही दिसली नव्हती.

प्रत्यक्ष पाहणीशिवाय मत देणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं, म्हणून समितीने टेम्पो ठरवून ‘बचत दरबार’ला अभ्यासदौरा काढला. अभ्यासाचं महत्त्व ध्यानात घेऊन एकोणचाळीस जण आले. प्रत्येकाने तीन-तीन पिशव्या आणल्या होत्या.

“नमुने घ्यायचे आहेत,” मुरूमकरांनी दारातच सूचना दिली. “नमुना पुरेसा मोठा असावा.”

“एक किलो साखर चालेल?” सरांनी वहीत टिपत विचारलं.

“सर, पाच किलोला दर वेगळा आहे,” रोहिणीताई म्हणाल्या. “एक किलो घेतली तर निष्कर्ष चुकतील.”

निष्कर्ष चुकू नयेत म्हणून तेलाचे पंधरा लिटरचे डबे घेतले गेले. एकावर एक फुकट असलेला बिस्किटाचा पुडा हा नमुना धरायचा की नमुन्याचं परिशिष्ट, यावर गल्ल्यापाशी बराच वेळ चर्चा झाली आणि मागे रांग खोळंबली. परतीच्या वाटेवर टेम्पोत माणसांना जागा उरली नाही. मुरूमकर मांडीवर कपड्याच्या पावडरीचं पोतं घेऊन बसले. अभ्यास इतका जड असतो, हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असं ते म्हणाले.

कॉलनीच्या तोंडाशी टेम्पो थांबला तेव्हा गोरक्ष दुकानातून उठून आला आणि डबे उतरवू लागला.

“लई माल आनला की, साहेब. कुणाचं कार्य हाय?”

“तुमचंच काम चाललंय, औटी,” मुरूमकर म्हणाले. “तुमच्या पत्राचं.”

गोरक्षच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. आपल्या चार ओळींसाठी मोठी माणसं इतकी राबतात, याची त्याला कल्पना नव्हती. त्याने दोन डबे स्वतः सरांच्या दारात नेऊन ठेवले. सर “असू द्या, असू द्या,” म्हणत त्याच्या मागून रिकाम्या हातांनी चालत गेले.

एका महिन्याची आकडेवारी पुरेशी नसते, म्हणून मार्चमध्ये दुसरा दौरा झाला. बुधवारी वेगळी सवलत असते असं कळल्यावर तिसराही झाला.

“औटींच्या दुकानाची पाहणी कधी करायची?” एकदा सरांनी चाचरत विचारलं.

“ते आपल्या रोजच्या बघण्यातलं आहे,” मुरूमकर म्हणाले. “तिथे दौरा काढायचा म्हणजे त्या माणसावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल.”

तरी समतोल राहावा म्हणून दोन्हीकडे कोण किती वेळा जातं, याची नोंद घेतली गेली. अहवालातलं तेच वाक्य पुढे सभेत टाळ्या घेऊन गेलं: ‘सरासरी कुटुंब बचत दरबारला महिन्यातून दोन वेळा, तर औटी किराणा येथे सत्तेचाळीस वेळा जाते. यावरून रहिवाशांचा स्पष्ट कल औटी किराण्याकडे असल्याचे सिद्ध होते.’

“त्या सत्तेचाळीसांत किल्ल्या आणि पार्सलं पण आहेत,” सर हळूच म्हणाले.

“जाणं ते जाणं, सर. आकड्यांत भावना मिसळू नका.”

सरांनी नाही मिसळली. आपल्याला संख्याशास्त्र कळत नसावं, अशी त्यांना तरुणपणापासून शंका होतीच.

सभेने एकमताने ठराव केला: ‘औटी किराणा हा कॉलनीचा अमूल्य ठेवा असून तो कोणत्याही परिस्थितीत टिकला पाहिजे, अशी ही सभा इतरांकडून अपेक्षा करते.’ इतर म्हणजे कोण, ते कुणी विचारलं नाही. यादी भरणार का, हा मूळ प्रश्न अहवालात कुठेच आला नव्हता; तो समितीच्या कार्यकक्षेबाहेरचा निघाला. नुसता ठराव कोरडा वाटेल म्हणून गोरक्षचा जाहीर सत्कार करायचंही ठरलं. मानपत्र अर्थातच हिवाळे सरांनी लिहायचं होतं.

मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी कॉलनीच्या मोकळ्या जागेत मांडव पडला. शाल, नारळ, पेढे, चहाची पत्ती आणि साखर हे सगळं बचत दरबारातून आलं होतं. शालीवर शाल मोफत होती, त्यामुळे अध्यक्षांचाही सत्कार झाला.

सरांनी मानपत्र वाचलं. ‘आपल्या तराजूला एक पारडे सचोटीचे आणि दुसरे मायेचे आहे,’ या वाक्यावर बायकांनी डोळे पुसले. सरांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. जन्मात प्रथमच त्यांच्या स्वतःच्या शब्दांना टाळ्या पडत होत्या. गोरक्ष शाल सावरत उभा राहिला आणि माइकपासून दोन हात लांबून म्हणाला, “तुमी येवढं केलं. आता म्या कुठं जात न्हाई.”

टाळ्या सगळ्यात जास्त त्याला पडल्या.

शनिवारी सकाळी स्टेलाबाईंनी ठेवलेली किल्ली आणायला सर दुकानात गेले, तेव्हा रोहिणीताई पायरीवर पिशव्या मांडत होत्या. सत्काराचं सामान उरलं होतं. साखरेच्या पाच थैल्या, पत्तीचे चार पुडे, आठ नारळ.

“हे परत घ्या बाई, औटी. एकही फोडलेलं नाही.”

गोरक्षने थैली उलटून वरची चिठ्ठी वाचली. “ताई, ह्यो माल माझा न्हाई.”

“माहितीये हो. पण ते लोक परत घेत नाहीत. बिल मागतात, शंभर प्रश्न विचारतात. तुम्ही कसे, घरचे.”

गोरक्षने एकेक नारळ उचलून हलवून पाहिला आणि फळीवर लावला. फळीवर आता जागा पुष्कळ होती. पैसे घेऊन रोहिणीताई गेल्या.

“सर,” किल्ली पुढे करत गोरक्ष म्हणाला, “उद्या नागापूरचा मालक यायचाय. नको म्हनून सांगतो त्याला. बायको म्हनती, एकाचंबी पत्राला उत्तर न्हाई, गाळा घिऊन टाका. म्या म्हनलं, अगं, हिवाळे सरांनी मानपत्र वाचलं लोकांम्होरं. वाचनारा मानूस हाय, उगा कशाला लिहील? तुमची यादी तरी येनार ना, सर?”

आता बोलायचं होतं. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. तो एक शब्द सरांच्या जिभेवर आला, तिथे त्यांनी तो तपासला आणि तो त्यांना उद्धट वाटला.

“हं,” सर म्हणाले. “बघू. म्हणजे, हो, बघू या ना.”

“झालं तर मग!” गोरक्ष हसला.

घरी येऊन सरांनी दार लावलं आणि दुपारभर बसून, नऊ कागद फाडून, दहाव्यावर उत्तर लिहिलं. त्यात अलंकार नव्हते. ‘आम्ही यादी भरणार नाही. कुणीच भरणार नाही. मानपत्र खोटं होतं. गाळा सोडू नका. सॅम्युएल हिवाळे.’ इतकं चांगलं गद्य आपण कधी लिहिलं नव्हतं, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं.

“शाब्बास,” स्टेलाबाई म्हणाल्या. “द्या आता नेऊन. चाळीस पावलं आहेत.”

“हातात कसं द्यायचं? समोरच उघडलं तर?”

“त्यासाठीच द्यायचं असतं ते.”

सरांनी पाकिटाला तिकीट लावलं, पत्ता सुवाच्य लिहिला, पिनकोडही घातला. मग दुकानावरून जावं लागू नये म्हणून मागच्या गल्लीने वळसा घालून ते चौकातल्या टपालपेटीपाशी गेले. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. पेटीच्या पत्र्यावर पुढची टपाल काढण्याची वेळ लिहिली होती: सोमवार. सरांनी चष्मा पुसून ती पुन्हा एकदा वाचली. नागापूरचा मालक रविवारी येणार होता. मग त्यांनी पाकीट आत टाकलं, पेटीवर दोन थापा मारल्या, आणि तीन महिन्यांत प्रथमच त्यांना अगदी हलकं वाटलं. तुम्ही अर्थातच चाळीस पावलं चालून ते तोंडावर सांगितलं असतंत. तुमच्या कॉलनीतलं दुकान अजून चालू असेलच.