वॉल्टरचे कान आणि तायडे काकांची फाइल

लोक अमेरिकेला येताना लोणचं आणतात. आमच्या शेजारच्या तायडे काकांनी अकोल्याहून फायलींना लावायचे हिरव्या दोरीचे टॅग आणले, मोजून पाचशे, आणि कागदांना भोकं पाडायला एक दाभण. विमानतळावर अधिकाऱ्यानं बॅग उघडून विचारलं, हे काय आहे. काका म्हणाले, "ऑफिस."

काका सरकारी कोषागारात पेन्शन शाखेत चौतीस वर्षं होते, हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले. सुमनकाकू गेल्यावर त्यांच्या मुलीनं, प्रज्ञानं, त्यांना इकडे श्रूजबरीला आणलं. ती फार्मासिस्ट आहे, सकाळी सातला घर सोडते. पहिल्या महिन्यात काकांनी घरातल्या यच्चयावत वॉरंटी कार्डांच्या फायली केल्या. दुसऱ्या महिन्यात माझ्या दारात उभे. "पोरी, तुझे काही कागद अडले असतील तर दे." माझं ग्रीन कार्ड कैक वर्षं अडलंय, पण ते मी त्यांना सांगितलं नाही. मला माझी नोकरीही करायची होती.

मग त्यांना वॉल्टर सापडला.

वॉल्टर आमच्या समोर राहतो. पंच्याहत्तरीचा, एकटा. तरुणपणी नौदलात बोटीच्या इंजिनरूममध्ये चार वर्षं होता आणि तिथल्या घरघरीनं त्याचे कान गेले. कान नोकरीत गेले हे मान्य झालं, की सरकार उपचार करतं, कानाची यंत्रं देतं. पण वॉल्टरचा अर्ज दोनदा नामंजूर झाला होता, कारण नोकरीत असताना कानाची तक्रार केल्याची नोंदच नव्हती. त्यानं नाद सोडला होता. ओरेगॉनमधल्या मुलीचा फोनसुद्धा तो उचलत नसे. नुसतं 'काय? काय?' करायची त्याला लाज वाटायची.

नामंजुरीचं पत्र काकांनी चष्मा पुसून वाचलं आणि अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. "ही तर साधी त्रुटी आहे बाप्पा," ते म्हणाले. "नकार कुठं आहे यात? एक कागद कमी आहे फक्त. कागद बोलतो पोरी, तो शोधावा लागतो."

दुसऱ्या दिवसापासून रोज अकराच्या ठोक्याला काका बगलेत फाइल मारून वॉल्टरच्या पोर्चवर. ते वहीत इंग्रजी कॅपिटल अक्षरांत प्रश्न लिहीत आणि वॉल्टर अशा खणखणीत आवाजात उत्तर देई, की अख्ख्या गल्लीला त्याचं नौदल पाठ झालं. नौदलातून सुटताना कान तपासले होते का, असं काकांनी विचारलं.

"डॉक्टर माझ्या मागे उभा राहून काहीतरी कुजबुजला," वॉल्टर ओरडला. "मग म्हणाला, ऐकू आलं? मला घरी जायचं होतं. मी म्हटलं, हो."

काकांनी लिहिलं, काय कुजबुजला?

"मला काय माहीत?"

काकांनी हे लाल शाईनं दोनदा अधोरेखित केलं.

काकांना गाडी चालवता येत नाही, त्यामुळे ही लढाई माझ्या गाडीतून झाली. पहिली स्वारी हयातीच्या दाखल्यासाठी. आपल्याकडे पेन्शनरला दरवर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. इथे तो लागत नाही, असं मी दहा वेळा सांगितलं. "मग खात्याला कसं कळणार माणूस आहे का गेला?" म्हणत त्यांनी वॉल्टरला टाउन हॉलच्या खिडकीपुढे नेऊन उभं केलं. तिथली बाई म्हणाली, आम्ही जन्माचा, लग्नाचा आणि मृत्यूचा दाखला देतो.

"मेल्यावर देता, मॅडम," काका आपल्या इंग्रजीत म्हणाले, "मग जिवंतपणी काय अडचण आहे?"

बाईनं वॉल्टरकडे पाहिलं. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं, तो गोड हसून म्हणाला, "थँक यू." शेवटी तिनं कोऱ्या कागदावर लिहून दिलं, की सदर गृहस्थ आज माझ्यासमोर उभे असून मजेत दिसतात. काकांनी तो कागद दाभणानं टोचून फाइलला लावला आणि मला डिंक आणायला सांगितलं, फोटो डकवायला.

खरा कागद मात्र वॉल्टरच्या तळघरात निघाला. "आईनं पत्रं ठेवली असतील," काका म्हणाले होते, "आया ठेवतात." बिस्किटांच्या डब्यात सत्तावीस पत्रं होती. काकांनी ती तारीखवार लावली. त्यातल्या एकोणिसाव्या पत्रात विशीतल्या वॉल्टरनं बोटीवरून आईला लिहिलं होतं, की कानात सारखी शिट्टी वाजते, साहेबाला सांगितलं तर म्हणाला, इथं सगळ्यांच्याच वाजते. पत्राच्या पाकिटावर नौदलाचा शिक्का होता, तारखेसकट. काका त्या शिक्क्यावरून कितीतरी वेळ बोट फिरवत बसले.

टाउनमध्ये माजी सैनिकांचे अर्ज भरून देणारी डॉना म्हणून बाई आहे. तिनं फाइल हातात घेऊन विचारलं, ही उघडायची कशी? काकांनी टॅग सोडून दाखवला आणि आवक क्रमांक मागितला. असं काही तिच्याकडे नव्हतंच. काका हलेनात, तेव्हा तिनं फाइलवर पेनानं 'एक' असं लिहिलं.

पाच महिन्यांनी वॉल्टर घरच्या सपाता घालून भर रस्त्यात पत्र नाचवत आला. अर्ज मंजूर. खात्यानं निर्णयात एकोणिसावं पत्र तारखेसकट उद्धृत केलं होतं. काकांनी तो परिच्छेद तीनदा मोठ्यानं वाचला, मग मला इंडियन स्टोअरला पिटाळलं आणि पोस्टमनसकट सगळ्या गल्लीला पेढे चारले. तो दिवस काकांचा होता. मान ताठ, हातात पेढ्यांचा डबा, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला, "पेपर स्पीक्स, सर."

आता एक सांगायला हवं. मी घरून काम करते आणि माझी खिडकी वॉल्टरच्या पोर्चसमोर आहे, उघडी असली की तिथलं बोलणं ऐकू येतं. फाइलचं काम रोज तासाभरात आटपायचं. काका मात्र एक वाजेपर्यंत बसायचे आणि वॉल्टरशी मराठीत बोलायचे. सुमनकाकूंबद्दल. त्या भांडायच्या कशा, चहात आलं किती घालायच्या, शेवटच्या आजारात काय काय म्हणाल्या. घरी प्रज्ञाला त्रास होईल म्हणून ते काकूंचं नावही काढत नसत. इथे समोरच्याला एक अक्षर ऐकू येत नव्हतं, म्हणून त्यांना बोलता येत होतं. आणि तरी त्याच माणसाचे कान परत आणायला हा गृहस्थ इतके महिने झटला. हे लक्षात आलं त्या दिवशी मला मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करावा लागला.

कानाची यंत्रं बसवून आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी काका अकराला पोर्चवर गेले आणि मांडीवर हात ठेवून गप्प बसून राहिले.

"आज बोलत नाहीस," वॉल्टर म्हणाला. त्याचा आवाज आता साध्या माणसासारखा झाला होता.

"फाइल क्लोज्ड," काका म्हणाले.

"फाइलचं नाही. ते दुसरं. महिनोन्महिने तुझे ओठ हलताना बघतोय मी. कधी हसतोस, कधी डोळे पुसतोस. कुणाबद्दल बोलतोस?"

"माय वाइफ," काका म्हणाले. "बट इट इज मराठी. यू विल नॉट अंडरस्टँड."

"समजायचं नाहीये मला," वॉल्टर म्हणाला. "ऐकायचंय."

काकांनी घसा खाकरला. "सुमनला ना," ते म्हणाले, "तुमचं हे अंगण फार आवडलं असतं."

वॉल्टरनं खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि कानातल्या यंत्राचा आवाज वाढवला.