सासूबाईंच्या ट्रेवरचा अँटेना

माणसानं आपल्या गाडीत सिग्नल बूस्टर बसवू नये, असं माझं अजिबात म्हणणं नाही. खुशाल बसवावा. फक्त तो बसवल्यावर गाडी आपली राहील, या भ्रमात राहू नये.

आमचा मेल्विन, म्हणजे जिल्ह्याच्या रस्ते खात्याचा प्रमुख, गुडघ्यांना मोंटानाची थंडी सोसेना म्हणून नोकरी सोडून ॲरिझोनाच्या उन्हात राहायला गेला, तिथून हे सगळं सुरू झालं. मी त्याच्या हाताखाली कारकून. कारकून म्हणजे, कुणाच्या गेटासमोर खड्डा पडला की त्यानं येऊन ज्याला शिव्या घालायच्या तो माणूस. मेल्विन आतल्या खोलीत दार लावून बसायचा आणि मी बाहेर शिव्या झेलायचो. इतकी वर्षं मी त्या दाराकडे बघत आलोय. खरं सांगतो, मला पगाराचं फारसं नव्हतं, मला ते दार हवं होतं. (घरी तेही नशिबात नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या, माझी बसायची खोली त्यांना गेली, आणि मी कपडे धुवायच्या मशीनशेजारी स्टूल टाकून पेपर वाचतो.)

मेल्विनच्या जागेसाठी मी मुलाखत दिली. जिल्ह्याचे तीन कमिशनर समोर बसले होते. मी रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोऱ्यांबद्दल, खडीबद्दल, बर्फाच्या नांगरांबद्दल बरंच काही पाठ करून गेलो होतो, पण त्यातलं त्यांनी काही विचारलंच नाही. त्यातले मुख्य, हॅल्व्हरसन साहेब, एवढंच म्हणाले, "लायल, गेल्या वेळी ही जागा निघाली तेव्हा पहिला फोन तुलाच केला होता. तू उचलला नाहीस. मेल्विननं उचलला."

बघा आता. मेल्विनला रस्त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तो गावात राहत होता आणि गावात फोन लागतो, एवढ्या गुणावर माणूस खातेप्रमुख झाला. साहेब पुढे म्हणाले की रस्तेप्रमुख म्हणजे हाकेला ओ देणारा माणूस हवा, पुढच्या शुक्रवारी आम्ही फोन करू, आणि या वेळी दुसऱ्यांदा करणार नाही.

आमचं घर खोऱ्यात. दोन्ही बाजूंना डोंगर, मधून ओढा, आणि सिग्नल शून्य. घरी पूर्वी तारेचा फोन होता, तो कंपनीनं परवडत नाही म्हणून काढून नेला. (इंटरनेटचं विचारू नका. ते आमच्याकडे वाऱ्याची मर्जी असेल तेव्हा येतं.) तेव्हा माझी बायको डार्ला हिला मी सांगितलं, की पिकअपमध्ये बूस्टर बसवतो. ती म्हणाली, "रस्टीच्या दुकानात जा आणि तो सांगेल ते आण. स्वतःचं डोकं चालवू नकोस." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोचं इतकं मोलाचं बोलणं माणसाला ऐकूच येत नाही.

रस्टीचं हार्डवेअरचं दुकान म्हणजे आमच्याकडची खरी विधानसभा. सकाळी गावाकडच्या माळावरचे सगळे शेतकरी तिथं फुकटची कॉफी पीत बसतात. मी बूस्टर म्हणालो मात्र, सगळे खुर्च्या सरकवून आले. प्रत्येकाच्या पिकअपवर अँटेना होता आणि आपलाच कसा सगळ्यात लांब आहे यावर प्रत्येकाकडे एक व्याख्यान तयार होतं. रस्टीनं मला शांतपणे समजावलं की लांब अँटेना सपाट माळावर चांगला, तो नाकासमोर दूरवर बघतो. डोंगरात टॉवर कुठंतरी वर असतो, तिथं आखूडच हवा. त्यानं काउंटरवर ठेवलेला अँटेना जेमतेम वीतभर होता. सगळे त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागले. उद्याचा रस्तेप्रमुख असला वीतभर अँटेना मिरवणार? मी दुकानातला सगळ्यात उंच उचलला. तो खांद्यावर टाकून बाहेर पडताना मला लढाईला निघाल्यासारखं वाटत होतं.

रविवारी चर्चमधून आल्यावर मी कामाला लागलो. म्हटलं, आपला हात जगन्नाथ. बूस्टरची कल्पना सोपी आहे. एक अँटेना बाहेर टपावर, एक छोटा आत डॅशबोर्डवर, आणि मधला डबा सीटखाली. बाहेरच्या अँटेनाच्या बुडाला लोहचुंबक असतो, टपावर ठेवला की चिकटतो. मी ठेवला. तो घसरत काचेवरून खाली आला. पुन्हा ठेवला, पुन्हा आला. मी चुंबकाला नाही नाही ते बोललो. तेव्हा व्हरांड्यातून डार्लानं आठवण करून दिली, की गाडी वजनाला हलकी म्हणून मीच हट्टानं ॲल्युमिनियमची पिकअप घेतली होती, आणि ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही हे आपल्याला शाळेत एकाच बाईंनी शिकवलं होतं.

म्हणजे टपावर लोखंडाचं काहीतरी हवं. चपटं, रुंद, गुळगुळीत. मी स्वयंपाकघरात गेलो. सासूबाई टीव्हीपुढे डुलक्या घेत होत्या. त्यांचा कुकीज भाजायचा पोलादी ट्रे ओट्यावर उभा होता. तो मी काळी जाड टेप लावून टपावर असा घट्ट बसवला की वादळात गाडी उडाली असती पण ट्रे हलला नसता. अँटेना त्यावर खटकन चिकटला. सीटखालच्या डब्यावर हिरवा दिवा लागला. मग मी गाडी शेडमध्ये घातली. आपल्या गाडीला आता दुप्पट उंची आली आहे, हे मी सोडून शेडच्या आढ्यासकट सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तुटलेला अँटेना घेऊन मी रस्टीकडे गेलो. त्यानं न बोलता वीतभराचा अँटेना काउंटरवर ठेवला. त्याचं ते न बोलणं दुकानभर ऐकू गेलं.

पण वीतभराच्या अँटेनानं कमाल केली. आमच्या टपालपेटीपाशी जरा उंचवटा आहे, तिथं गाडी डोंगराच्या खिंडीकडे तोंड करून लावली तर फोनवर चक्क तीन दांड्या. मला इतका आनंद झाला की कुणाला तरी फोन करावासा वाटला. पण खोऱ्यात ज्याला करावा त्याच्याकडे सिग्नल नाही. शेवटी रस्टीला केला आणि "लागला" म्हणून ठेवला.

अट एकच. फोन डॅशबोर्डजवळच राहिला पाहिजे. हातभर लांब नेला की दांड्या गायब. आणि डब्याला वीज गाडीची, म्हणजे किल्ली फिरवलेली हवी. म्हणून मी गाडी उंचवट्यावर, किल्ली गाडीत आणि फोन डॅशबोर्डवर अशी कायमची व्यवस्था करून टाकली आणि ऑफिसला डार्लाच्या छोट्या गाडीतून जायला लागलो. आमच्या खोऱ्यात गाडीला कुलूप कुणीच लावत नाही. लावलं तर शेजाऱ्यांना चोर म्हटल्यासारखं होतं. (अपवाद ऑगस्टचा. तेव्हा उघड्या गाडीत लोक आपल्या परसातले जास्तीचे दुधीभोपळ्याएवढे झुकिनी ठेवून पळतात.)

मंगळवारी सासूबाईंना ट्रे सापडेना. सगळं घर शोधून झाल्यावर त्या काठी टेकत बाहेर आल्या आणि टपाकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता आपली धडगत नाही. पण त्या दार उघडून पुढच्या सीटवर बसल्या, माझा फोन घेतला आणि आयडाहोतल्या बहिणीला लावला. मी हळूच म्हणालो, "आई, फोन मोकळा ठेवायचा आहे." तर त्या म्हणाल्या, "ट्रे माझा आहे. तुला फोन हवा असेल तर ट्रे काढून दे." बहिणीशी बोलणं सुरूच राहिलं. त्यात मुख्य विषय मीच होतो.

बुधवारपर्यंत बातमी खोरंभर झाली. आमचा शेजारी आर्विड आपला फोन घेऊन आला आणि बैलाच्या सौद्यासाठी माझ्या गाडीत बसला. आमच्याकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करायची रीत आहे. मी माझ्याच गाडीपाशी गेलो तर या पठ्ठ्यानं माझ्याच स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून मला वाटेला लावलं. मग पाद्रीबाई आल्या, दूधवाला आला, लोक टपालपेटीपाशी रांगेत उभे राहायला लागले. जाताना कुणी अंडी ठेवी, कुणी मुरंबा. मी डार्लाला म्हटलं, मी आता कुलूप लावतो. ती म्हणाली, "लाव. मग रविवारी चर्चमध्ये तुला कॉफी कोण देतो ते मला बघायचं आहे." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शुक्रवार उजाडला. मी रजा काढली आणि सकाळीच जाऊन स्टिअरिंगपुढे बसलो. आलेल्यांना हात जोडून परत पाठवलं. सासूबाई मात्र विणकाम घेऊन शेजारी येऊन बसल्या होत्या, आणि त्यांना परत पाठवण्याची कला मला अजून साधलेली नाही. फोनला मात्र त्यांना हात लावू दिला नाही. मला ते दार दिसत होतं, त्यावरची पितळी मूठसुद्धा.

आणि खालच्या वळणावर आर्विडची गवताच्या गठ्ठ्यांची ट्रॉली मोरीत बसली. ती मोरी वसंतात बर्फ वितळल्यापासून खचलेली. तिच्याबद्दलच्या तक्रारी मीच झेललेल्या, आणि पुढे काहीही झालेलं नव्हतं. आता आमच्याकडे रुतलेल्या माणसाला बघून न बघितल्यासारखं करणं म्हणजे माणसातून उठणं. त्यात मी रस्ते खात्याचा. मी फोनकडे बघितलं, आर्विडकडे बघितलं, आणि उतरलो.

उतरताना सासूबाईंना बजावलं, "आई, फोन आला तर एकच वाक्य बोलायचं. लायल इथंच आहे, आत्ता बोलावते. बाकी काही नाही."

"मला काय फोनवर बोलता येत नाही?" त्या म्हणाल्या. तीच तर माझी भीती होती.

मी फावडं घेऊन पळत खाली गेलो. आर्विड माझ्या मागे बघत म्हणाला, "गाडी आण की. दोर लावू, एका झटक्यात निघेल."

"गाडी आणता येत नाही," मी म्हणालो.

"का? बिघडली?"

"नाही. लावलीय."

आर्विडनं आयुष्यात बरीच खुळी माणसं बघितली असावीत, पण चार चाकांना जोर असलेली गाडी उंचवट्यावर उभी ठेवून फावड्यानं ट्रॉली काढायला आलेला रस्ते खात्याचा माणूस त्याला नवीन होता. आम्ही दोघं खणायला लागलो. मी गुडघाभर चिखलात, एक कान वर. आणि फोन वाजला. मी धावलो, म्हणजे वरचा मी धावला, पाय मोरीतच राहिले. बूट सोडून, मोज्यांवर, हातापायांनी चढत मी गाडीपाशी पोचलो तेव्हा सासूबाई फोन डॅशबोर्डवर ठेवत होत्या. अगदी सावकाश.

"कुणाचा होता?"

"हॅल्व्हरसनचा. चांगला माणूस आहे. त्याची आई आणि मी एकाच गायनमंडळात होतो."

"मला का नाही हाक मारली?"

"मारणार होते. पण त्यानं विचारलं, लायल कुठंय. मी म्हटलं, खचलेल्या मोरीत उभा आहे. तर तो म्हणाला, कुठली मोरी? आता विचारल्यावर सांगायला नको?"

सांगितलं होतं. सगळं सांगितलं होतं. ही मोरी, पुलापाशी वाहून गेलेली खडी, शाळेच्या बसचा आस मोडणारा खड्डा, आणि उन्हाळ्यात उभा राहून गंजणारा नांगर. रोज जेवताना मी ज्या तक्रारी घरी सांगून हलका व्हायचो, त्या सगळ्या आता सासूबाईंनी एका दमात कमिशनरच्या कानात ओतल्या होत्या. तिकडे साहेबांनी फोन स्पीकरवर टाकला होता आणि तिन्ही कमिशनर ऐकत होते.

"मग?" मी विचारलं.

"मग तो म्हणाला, या जिल्ह्यात सगळ्यात जास्त तक्रार करणाऱ्यालाच त्या कामावर बसवायचं, ही आमची जुनी पद्धत आहे, म्हणजे तक्रार बंद होते. आणि पहिल्याच रिंगला फोन उचलणारं माणूस आम्हांला या खोऱ्यात आजवर मिळालं नव्हतं. जागा घेता का, म्हणाला."

"आणि तुम्ही?"

"आधी नाहीच म्हटलं. माझ्या खुब्याचं सांगितलं. तर तो म्हणाला, काम बसूनच आहे, खोली स्वतंत्र आहे आणि तिला दार आहे." त्यांनी विणकामाचा गुंडा पिशवीत टाकला. "घरी मशीनच्या आवाजानं आणि तुझ्या पेपरच्या फडफडीनं मला झोप येत नाही. घेतली."

माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. घरातनं व्हरांड्यात आलेल्या डार्लाला मी तिथूनच ओरडून झालेला अनर्थ सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे आई दिवसभर ऑफिसात असणार? बरं झालं. तुझी खोली दिवसा तुला मोकळी मिळेल."

क्षणभर मला त्यातसुद्धा बरं वाटलं. पण दिवसा मी कुठं असणार, हे सासूबाईंच्या आधीच ध्यानात आलं होतं. त्यांनी काच खाली केली, माझ्या मोज्यांकडे बघितलं आणि खात्याच्या प्रमुखाला शोभेल अशा आवाजात म्हणाल्या, "लायल, चिखल लागलाच आहे तर मोरी पुरी करूनच वर ये. सोमवारी पहिलं काम तेच सांगणार होते."

मग त्यांनी काच वर घेतली आणि आतून दार लॉक केलं.