अरवाची अरबी

हुसेनमियाँ फोन ठेवून स्वयंपाकघरात आले ते छाती फुगवूनच. "ताजू, पोरीची एक टर्म वाचवली मी!"

ताजुन्निसा बांगडे तळत होती. "कसली टर्म?"

अरवाला अमेरिकेतल्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला होता. तिथला नियम असा, की पदवीसाठी एक परदेशी भाषा आलीच पाहिजे. येत नसेल तर तिथे शिका, त्यात एक टर्म जादा जाणार. शाळेत असतानाच तोंडी परीक्षा देऊन टाकली, तर मात्र सुटका. टर्म वाचली म्हणजे पोरगी सहा महिने आधी घरी. एकुलती एक लेक इतक्या लांब जाणार म्हणून दोघांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. अशा माणसांना सहा महिने म्हणजे काय थोडे झाले? कॉलेजच्या बाईंनी फोनवर भाषा विचारताच हुसेनमियाँ म्हणाले होते, "अरबी! मुलगी जेद्दात जन्मलीय." बाईंनी लगेच परीक्षेचा दिवस ठरवून टाकला.

अरवा शाळेतून आली आणि ऐकून मटकन खाली बसली. "अब्बा, मला अरबी येत नाही."

"काय सांगतंस? कुराण किती सुरेख वाचतंस तू!"

"वाचता येतं, अब्बा. समजत नाही."

"सारा जन्म जेद्दात काढून?"

"स्कूलमध्ये इंग्लिश, बसमध्ये हिंदी, घरी अम्मीची मराठी. अरबी बोलू कोणाशी? एसीशी?"

आता माघार घेणं शहाणपणाचं होतं. पण हुसेनमियाँचं जेद्दाच्या जुन्या बाजारात, बलदमध्ये, नमाजाच्या जानमाजी, जपाच्या तसबी आणि टोप्यांचं दुकान. लेकीच्या अरबीची वार्ता त्यांनी तोवर अख्ख्या गल्लीला सांगून टाकली होती. "घाबरू नको गो," ते म्हणाले. "दुकानात येऊन बस. चार गिऱ्हाइकांशी बोललीस की जीभ सुटेल."

अरवा दुकानात बसू लागली. गिऱ्हाइकं आली हैदराबादची, ढाक्याची, कराचीची. सगळी हिंदी-उर्दूत घासाघीस करून गेली. इंडोनेशियाच्या बायका आल्या, त्यांनी बोटांनी भाव केला. अरबस्तानातल्या भरबाजारात अरबी बोलणारा माणूस औषधाला सापडेना.

एकच होता. शेजारचा अत्तरवाला अबू फैसल, अस्सल जेद्दावी. पण त्याने उभी हयात भारतीय गिऱ्हाइकांत घालवलेली, आणि स्वतःच्या हिंदीचा त्याला कोण अभिमान! "कैसी हो बेटी? पढ़ाई कैसी चल रही है?" त्याने विचारलं. अरवाने धीर करून मोडक्यातोडक्या अरबीत सुरुवात केली, तरी हा आपला हिंदीतच. शेवटी हुसेनमियाँ काकुळतीला आले. "भाई, थोडी अरबी बोलो ना इससे!"

अबू फैसलचा चेहरा पडला. "क्यूँ? मेरी हिंदी ख़राब है क्या?"

तो उठून गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी चहाला आला नाही, तिसऱ्या दिवशी सलामही नाही. अरबी शिकायची तर दूरच, जुनी दोस्ती मात्र हातची जायला निघाली. हुसेनमियाँ हिरमुसले. अखेर खजुराचा डबा घेऊन ते अरवासह त्याच्या दारी गेले आणि रीतीप्रमाणे अरबीत हालहवाल सुरू केली; दुकानदारीत त्यांना अरबी समजायची सारी, बोलता यायची एवढीच. तब्येत कशी? अल्हम्दुलिल्लाह. मुलं कशी? अल्हम्दुलिल्लाह. भाऊ? घर? आई? मग कॉफी घ्याच, नको, अल्लाची शपथ घ्याच. रुसवा निघाला तेव्हा तिसऱ्या प्रहरची, असरची अजान झाली होती आणि कामाचं अक्षरही निघालं नव्हतं.

बाहेर पडताच हुसेनमियाँ थबकले. "अरवा, तुझी परीक्षा केवढी?"

"अर्धा तास."

"मग झालं की! एवढंच पाठ कर. माणसाची खुशाली पुरी झाल्याशिवाय इथं कोणी मुद्द्यावर येत नाय."

"अब्बा, ती एक्झाम आहे, दुकान नाही!" अरवाने कपाळाला हात लावला. पण दुसरा उपाय तरी कुठे होता? तिने सगळी हालहवाल घोटून घेतली.

परीक्षेच्या दिवशी अरवा लॅपटॉपसमोर बसली. हुसेनमियाँ दाराआड श्वास रोखून उभे. पडद्यावर एक वयस्क सीरियन प्राध्यापक आले, बरीच वर्षं अमेरिकेत राहिलेले. त्यांनी सलाम करून "कशी आहेस?" म्हटलं, आणि अरवाची गाडी सुटली. तुमची तब्येत? मुलंबाळं? घर? प्राध्यापकांनी आधी घड्याळाकडे पाहिलं. मग ते खुर्चीत हळूहळू सैलावले, उलट खुशाली विचारू लागले. कधी आमच्याकडे आलीस तर कॉफी घेतल्याशिवाय सोडणार नाही, म्हणाले. अरवा नको म्हणाली. त्यांनी शपथ घातली. तिने पुन्हा नको म्हटलं. मग तिने विचारलं, "तुमच्या आई कशा आहेत?"

प्राध्यापक बराच वेळ, थांबत थांबत, काहीतरी बोलले. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. अरवाला एक शब्द कळला नाही. जवळ होतं तेवढं ती हळूच म्हणाली, "अल्हम्दुलिल्लाह."

ते मान हलवत राहिले. वेळ संपली. अरवा पास झाली.

ताजुन्निसाने शिरा केला, अबू फैसलला वाटीभर पोचवला. अरवा मात्र चमचा हातात धरून नुसती बसली होती. "अब्बा, तुम्ही दाराआड होतात ना? माहितीय मला. ते काय बोलले?"

हुसेनमियाँनी वाटी बाजूला ठेवली. "त्यांची आई गेली, पोरी. गेल्या साली, तिकडं सीरियात. ह्यांना जायला मिळालं नाय. म्हणाले, अमेरिकेत येऊन मला कोणी आईचं विचारलंच नव्हतं."

"आणि मी अल्हम्दुलिल्लाह म्हणाले!"

"बरोबरच म्हणालीस. दुःखातपण आपण तेच म्हणतो, अल्लाचे आभार."

"पण मला कळलं नव्हतं ना, अब्बा!" अरवाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "माणूस समोर रडत होता आणि मला काही कळलं नाही."

आठवड्याने ती सकाळीच त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "अब्बा, ती टर्म वाचली ना, त्यात मी अरबी घेते. नीट शिकते."

हुसेनमियाँनी नाही म्हणायला तोंड उघडलं. एवढा आटापिटा केला तो हेच सहा महिने वाचवायला! पण पोरीच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना नाही म्हणवेना. तिच्यावर रागवावं की तिला जवळ घ्यावं, हेच त्यांना कळेना. "घे," ते म्हणाले.

अरवा गेली. ताजुन्निसा एवढी गप्प कशी, याचं त्यांना नवल वाटलं. ती खाली मान घालून पीठ मळत होती. दुकानाला निघताना दारात त्यांचा पाय अडखळला.

"ताजू, अमेरिकेचा व्हिजिट व्हिसा किती दिवसांचा मिळतो गो?"

"सहा महिने राहता येतं," पिठावरून नजर न काढता ताजुन्निसा म्हणाली. "मी कालच विचारून घेतलंय."