प्रतिष्ठेला धक्का न लावता

आमच्या फिजीतल्या, लबासा गावच्या शाळेत रसायनशास्त्राची प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर आहे आणि मी चाकांच्या खुर्चीत. यात कुणाचाच दोष नाही. माझ्या वर्गातला वाइसाले आणि त्याची रग्बीवाली टोळी मला रोज खुर्चीसकट वर न्यायची.

"सला, काल कसावाचा कंद किती हाणलास गं?" जिना चढताना वाइसाले मला विचारायचा.

"तुझ्या ताटात उरला तेवढा. पाय उचल, म्हाताऱ्या!"

प्रात्यक्षिकाला हजेरी नसेल तर वार्षिक परीक्षेला बसता येत नाही, आणि मला पुढे औषधशास्त्रच शिकायचंय. त्यामुळे हे टोमणे मी गोड मानून घ्यायचे.

मग शाळेत समावेशक शिक्षण आलं.

मुख्याध्यापिका टोरिका मॅडमनी परिपत्रक काढलं: विद्यार्थिनीस उचलणे तिच्या प्रतिष्ठेस बाधक असल्याने ते तात्काळ बंद करण्यात येत आहे. मी आणि माझी प्रतिष्ठा, दोघी खाली ग्रंथालयात पडद्यासमोर बसलो. वरचा तास पडद्यावर दिसायचा.

"पण मॅडम, परीक्षानळी कशी धरू?"

"मनाने धर, बाळा. समावेशन ही मुळात भावना आहे."

ग्रंथालयात पंखा होता. दुसऱ्याच दिवशी वाइसाले खाली टपकला. "मॅडम, मला वगळल्यासारखं वाटतंय हो." असं वाटणाऱ्याला हाकलणं धोरणात बसेना. आठवडाभरात ही भावना अख्ख्या वर्गाला झाली आणि सगळे रोटी-पार्सलं घेऊन खाली आले. वर प्रनिल मास्तर रिकाम्या बाकांना आम्लं शिकवत राहिले. शेवटी पडद्यावरूनच त्यांनी हात वर केला. त्यांनाही वगळल्यासारखं वाटत होतं! धोरणानुसार तेही बाटल्या, बर्नर घेऊन खाली उतरले.

प्रयोगशाळा चक्क माझ्याकडे आली होती! मी नळीला हात घालणार, तोच मॅडम म्हणाल्या, "ग्रंथालयात एक जण जास्त होतोय. जिच्यासाठी पर्यायी व्यवस्था मंजूर आहे, तिने त्या जागी जावं."

"कुठे?"

"वर. प्रयोगशाळा रिकामीच आहे. पडदा लावलाय तिथे."

"आणि वर नेणार कोण?"

"सला, प्रतिष्ठेचा प्रश्न पुन्हा काढू नकोस."

तेव्हापासून माझी गैरहजेरी लागतेय, आणि शाळेला समावेशनाचं मानपत्र मिळालंय.

तुम्ही म्हणाल, पोरगी तक्रार का करत नाही? केली ना! सुनावणी शुक्रवारी आहे, वरच्याच मजल्यावर. तुम्हालाही निमंत्रण आहे. मी पहिल्या पायरीशी असेन. मला उचलू नका हं. आदराने मान हलवा आणि बाजूने वर जा; आजवर जात आलात तसेच.